आजार रेड्याला, औषध पखालीला



या सदरात आपण नेहमी पिकाच्या दुखण्यांविषयी बोलतो. आज मात्र एका गाडीच्या दुखण्याविषयी सांगणार आहे. विषय वेगळा वाटेल, पण शेवटी बात तीच आहे. निदान आधी, औषध नंतर.

माझ्या वडिलांनी १९८८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून आमच्याकडे आहे. मी नोकरीनिमित्त डोंबिवलीत राहतो. गाडी मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावी धाकट्या चुलतभावाकडे असते. कागदपत्रे, पुनर्नोंदणी, पीयूसी सगळे वेळच्या वेळी होते. गाडी रोज लागत नाही, पण लागते तेव्हा निकडीनेच लागते.

गेल्या वर्षी मे महिन्यात तशी निकड आली. चुलतभावाच्या सुनेला मध्यरात्री कळा सुरू झाल्या. गाडी दोन-अडीच महिने पडवीत उभी होती. सेल मारला, पहिल्या झटक्यात सुरू झाली. सगळे कल्याणकडे निघाले. दहा-बारा किलोमीटर गाडी छान पळाली आणि मग आचके देऊ लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर पुढे ओढायची नाही. शेवटी बंदच पडली. दहा मिनिटांनी सुरू झाली, थोडे चालली आणि रायत्याच्या पुलाच्या अलीकडे पुन्हा बंद! काळोखात, रस्त्याच्या कडेला, पोर कळा सोसते आहे आणि गाडी हलत नाही. मागून दुधाची गाडी आली म्हणून निभावले. त्या माणसाने सगळ्यांना कल्याणला पोचवले. पहाटे नात झाली, माय-लेक सुखरूप. पण त्या अर्ध्या तासाने घरच्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

पुढे जे घडले ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. एका मेकॅनिकने चारही प्लग बदलले. गाडी पुन्हा वाटेत थांबली. दुसऱ्याने कॉइल बदलली, पुन्हा तेच. तिसऱ्याने कार्बोरेटर उघडून नवे किट टाकले. साडेसहा हजार रुपये गेले आणि दुखणे होते तिथेच राहिले. भावाचा फोन आला, "दादा, प्लग नवे, कॉइल नवी, पेट्रोल भरलेलं, मग हिला झालंय तरी काय?"

मी विचारले, "पण दुखणं कधी उठतं, ते कोणी विचारलं का?"

कोणीच विचारले नव्हते.

पीक आणि गाडी

काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याची भेंडी अशीच आकसली होती. पाने चिंचोळी, वाकडीतिकडी. व्हायरस समजून त्याने तीन औषधे मारली. मी विचारले, "याआधी हा पंप कशाला वापरला होता?" भाताच्या बांधावर २,४-डी तणनाशक मारले होते आणि पंप नीट धुतला नव्हता. आजार रेड्याला होता, औषध पखालीला चालले होते.

गाडीचेही तसेच आहे. पेट्रोलच्या इंजिनाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात हवी, ठिणगी वेळेवर हवी आणि सिलिंडरमध्ये दाब हवा. यातली एक चुकली की गाडी मिसिंग करते. कोणती चुकली हे बहुतेक वेळा गाडीच सांगते. आपण ऐकले पाहिजे.

दुखणे कधी उठते?

सकाळी थंड असताना आचके देते आणि गरम झाल्यावर बरी चालते, तर चोक नीट लागतो का पाहावे. मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे.

पहिल्या पावसात किंवा दमट सकाळी फटफट करते, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि प्लगच्या वायरी पाहाव्यात. मेकॅनिक मंडळी डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात. झाकणाला बारीक चीर असली तर ओलाव्यातून ठिणगी वाट सोडून पळते. रात्री काळोखात गाडी चालू ठेवून बॉनेट उघडावे. वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर चोर सापडला.

अ‍ॅक्सिलरेटर दाबताक्षणी गचका खाते आणि मग सावरते, तर इंजिन बंद व गार असताना एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहावे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. ती उडत नसेल तर त्या छोट्या पंपाचा पडदा गेला आहे किंवा छिद्र बुजले आहे.

ऊन्ह आहे, कल्याण-शीळ रस्त्यावर वाहने मुंगीच्या पावलाने चालली आहेत आणि गाडी गुदमरून बंद पडते, तर पेट्रोल नळीतच उकळून वाफ झाली असेल. पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबल्यावर गाडी चालली, तर संशय पक्का होतो.

काही अंतर चांगली चालते, मग जोर लावताना दम तोडते आणि थोडे थांबल्यावर पुन्हा चालते, तर पेट्रोल पुरेसे येत नाही असा संशय घ्यावा.

आणखी एक खूण लक्षात ठेवावी. ठिणगी गेली तर गाडी दिव्याचे बटण दाबल्यासारखी एकदम विझते. पेट्रोल संपत आले तर रॉकेल सरलेल्या कंदिलासारखी फडफडत, आचके देत विझते.

ठिणगीची परीक्षा

एकच सिलिंडर मरत असेल तर इंजिन स्लोवर एका ठेक्यात डगमगते. अशा वेळी गाडी बंद करून एका प्लगची वायर काढावी, तिचे टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवावे आणि गाडी सुरू करून ऐकावे. मग ती जोडून दुसरी, असे चारही पाहावे. वायर काढल्यावर इंजिन आणखी डगमगले तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. चालू गाडीत वायरीला हात लावू नये. हजारो व्होल्टचा झटका बसतो.

आता त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्यात आणि शेजारचा याच्यात घालावा. दुखणे प्लगबरोबर शेजारी गेले तर प्लग खराब. जागेवरच राहिले तर वायर पाहावी, मग टॅपेट आणि कॉम्प्रेशन. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तरी गुण कशाचा ते कधीच कळत नाही.

प्लगचे टोकही पानासारखे वाचता येते. फिकट तपकिरी असेल तर तब्येत उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरेफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा इंजिन फार तापते आहे. तेलकट काळे म्हणजे ऑइल वर येते आहे. ते काम रिंगांचे किंवा व्हॉल्व्हचे, तिथे प्लग बदलून उपयोग नाही. जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरमधले कॉन्टॅक्ट पॉइंट झिजतात, त्यांच्यावर खड्डे पडतात. पॉइंटमधली फट साधारण ०.४ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर तपासावा.

आजचे पेट्रोल आणि कालची गाडी

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा पथदर्शी प्रयोग २००१ साली झाला. त्यातली दोन ठिकाणे आपलीच होती, मिरज आणि मनमाड. आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपावर मिळते. ते आपल्याच उसापासून, मक्यापासून, तांदळापासून होते. त्यामुळे शेतमालाला गिऱ्हाईक मिळाले, हे खरेच. पण पद्मिनी जन्मली तेव्हा असे पेट्रोल नव्हते. कुर्ल्याच्या कारखान्यात तिचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

इथेनॉल हवेतले पाणी ओढते. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसू शकते, आणि पंप तळातलेच उचलतो. जुन्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलने फुगतात, चिरतात. टाकीतला जुना गंज सुटून फिल्टरमध्ये येतो. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ होते. नव्या गाडीतला संगणक ते सांभाळून घेतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्यात, आतले दिसेल असा पारदर्शक फिल्टर बसवावा आणि एकच पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवू नये.

मग आमच्या गाडीला काय झाले होते?

रोग पाहायचा तर शेतात जावे लागते. मी रविवारी गावी गेलो आणि भावाला म्हटले, "चल, ती बंद पडेपर्यंत फिरू." बारा-तेरा किलोमीटरवर गाडीने आचके दिले आणि कंदिलासारखी फडफडून विझली. उतरून आधी ठिणगी पाहिली. निळी, कडकडीत. म्हणजे पखालीला औषध देण्यात अर्थ नव्हता.

मग पेट्रोलच्या टाकीचे झाकण फिरवले. 'स्स्स' असा लांब आवाज झाला. टाकीने जणू कोंडलेला श्वास घेतला! झाकण लावून निघालो, तर तितक्याच अंतरावर पुन्हा तेच. झाकण जरा सैल ठेवून हळूहळू घरी आलो, तर एकही आचका नाही. (असे सैल झाकण फक्त परीक्षेपुरते, टाकी भरलेली नसताना. एरवी ते धोक्याचे आहे.)

टाकीतले पेट्रोल जाते तितकी हवा आत यायला हवी. कुठे त्यासाठी झाकणात छिद्र असते, कुठे वेगळी नळी. आमच्या गाडीच्या नळीचे टोक पाहिले तर मातीने घट्ट बुजलेले. तारेने ती माती काढली तेव्हा आतून वाळलेले कोळी पडले. कुंभारीण माशीचे घर! गाडी पडवीत उभी असताना तिने पिलांची सोय आमच्या टाकीच्या नाकात केली होती. हवा आत येईना, पंप ओढून ओढून थकायचा. गाडी थांबली की हवा हळूहळू झिरपायची आणि ती पुन्हा चालायची. साडेसहा हजारांनी जे झाले नाही ते वीतभर तारेने झाले.

भाऊ म्हणाला, "दादा, हे आधी कसं सुचलं नाही?" मी म्हटले, "सुचायचं काही नव्हतं, विचारायचं होतं. दुखणं सुरू होण्याआधी काय बदललं? गाडी दोन महिने उभी राहिली, एवढंच ना?"

हीच गोष्ट फवारणीचा पेट्रोल पंप, ग्रास कटर, पॉवर टिलर यांनाही लागू आहे. सुरू होते, थोडे चालते आणि बंद पडते, तर आधी टाकीचे झाकण उघडून पाहा.

काळजी

पेट्रोलची नळी सोडताना इंजिन गार असू द्या. बिडी, चूल, मुले लांब ठेवा. ठिणगीची परीक्षा करताना उघडे पेट्रोल जवळ नको. नव्या, संगणकाच्या गाडीवर हे प्रयोग करू नका. त्यांचे दुखणे मेकॅनिक यंत्र लावून वाचतो. उभी राहणारी गाडी आठवड्यातून एकदा पाच-सात किलोमीटर फिरवून आणा. आणि रात्री-अपरात्री घरात कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर आपली गाडी कितीही विश्वासाची असली तरी पहिला फोन १०८ ला करा.

मेकॅनिककडे जाल तेव्हा "गाडी बिघडली" एवढेच सांगू नका. केव्हा, किती अंतरावर, थंड असताना की गरम, चढावर की सपाटीला, आणि त्याआधी काय बदलले, हे कागदावर लिहून न्या. चांगला कारागीर त्या कागदाची कदर करील.

आमची नात आता वर्षाची होईल. गेल्या महिन्यात तिला त्याच गाडीतून टिटवाळ्याच्या गणपतीला नेऊन आणले. गाडी कुठेही थांबली नाही.