भाची ‘शिकवण्यात’ नापास झाली, आणि मला हरिहरच्या पायऱ्या आठवल्या

थोडं लांबलंय, पण पावसाळा तोंडावर आहे आणि दर शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून बस भरून लोक आपल्या त्र्यंबकच्या डोंगररांगेत येणार आहेत. म्हणून आत्ताच लिहितोय.

माझी भाची कॅनडात असते. शिक्षणासाठी गेली, आता नोकरी करते आणि हिवाळ्यात शनिवार-रविवार बर्फाच्या उतारावर लहान मुलांना स्नोबोर्ड शिकवते. आमच्या ताईला अजून हे नीट सांगता येत नाही. कुणी विचारलं तर ‘स्पोर्ट्समध्ये पण आहे ती’ एवढंच म्हणते. गंगापूर रोडला वाढलेली पोरगी, जिने बर्फ आधी फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला होता, ती लोकांना बर्फावरून घसरायला शिकवते, हे पचायला वेळ लागतोच.

तर तिथे स्नोबोर्डच्या प्रशिक्षकांच्या चार लेव्हल असतात. पहिली झाली की अगदी नवख्यांना शिकवता येतं. तेवढंच. पुढच्या लेव्हलला स्वतः चांगलं चालवता येणं आणि दुसऱ्याला शिकवता येणं, दोन्ही वेगवेगळं तपासतात. भाचीने दुसरी लेव्हल दिली. चालवण्यात पास, शिकवण्यात नापास.

फोनवर रडकुंडीला आली होती. ‘मामा, माझ्या ग्रुपमध्ये सगळ्यात चांगली मी चालवत होते रे!’

मी विचारलं, झालं काय नेमकं? तर परीक्षेत तिला एक घाबरलेला विद्यार्थी दिला होता. दुसरा उमेदवारच तशी भूमिका करत होता. बोर्ड उताराला आडवा ठेवून, टाचेकडच्या कडेवर भार देऊन हळूहळू खाली सरकायचं, हा धडा होता. ‘विद्यार्थी’ जागीच थिजला. हिने त्याला धीर दिला. घाबरू नकोस, मी आहे, तुला जमेल. परीक्षकाने नंतर एवढंच सांगितलं की त्याला धीर नको होता, कमी उताराची जागा हवी होती. ती शोधणं तुझं काम होतं.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ गप्प बसलो. कारण हीच चूक मी केली होती. बर्फावर नाही, हरिहरवर.

ज्यांनी हरिहर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कड्यात कोरलेल्या उभ्या पायऱ्या. हाताला धरायला पायरीतच खोबण्या. रुंदी जेमतेम एका माणसाची, आणि चढणारे-उतरणारे सगळे त्याच वाटेने. 1818 मध्ये इंग्रजांनी आसपासचे कितीतरी गड सुरुंग लावून मोडले, पण या पायऱ्या पाहून कॅप्टन ब्रिग्जसुद्धा थक्क झाला होता आणि त्या राहिल्या असं सांगतात. आता रील्समुळे त्या भारतभर पोचल्यात.

तेव्हा मी एका ग्रुपचा ‘लीडर’ होतो. पात्रता काय? तर हरिहर चार वेळा झाला होता आणि गळ्यात शिट्टी होती. मोबदला म्हणजे ट्रेक फुकट आणि वर पाचशे रुपये. माझ्यामागे बेचाळीस माणसं, त्यात अर्ध्यांची पहिलीच वेळ. वर भुरभुर पाऊस. निम्म्या पायऱ्यांवर एक मुलगी थिजली. वरही जाईना, खालीही येईना. मागे रांग तुंबली, वरून दुसऱ्या ग्रुपची माणसं उतरायला लागली. मी खालून ओरडत होतो, ‘काही होत नाही, चल! वर बघ फक्त!’ शेवटी हर्षेवाडीकडचा एक पोरगा अनवाणी वर आला. तिच्या खालच्या पायरीवर उभा राहिला, तिचं पाऊल हाताने धरून खोबणीत ठेवलं, मग दुसरं. असं करत तिला खाली उतरवलं. एक शब्द बोलला नाही. आम्ही त्याला चहा पाजला आणि पन्नास रुपये दिले. हो, पन्नास. लिहितानाही लाज वाटतेय.

त्यानंतर मी उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्थेत गेलो. ही संस्था 1965 पासूनची, संरक्षण मंत्रालय आणि तिथलं राज्य सरकार मिळून चालवतात. बेसिक कोर्स अठ्ठावीस दिवसांचा. त्यात ‘ए’ ग्रेड मिळाली तरच अॅडव्हान्स करता येतो आणि त्यातही ‘ए’ मिळाली तरच ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’, म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स. माझी गाडी अॅडव्हान्सलाच अडकली, ‘बी’ मिळाली. तेव्हा चिडलो होतो. आज वाटतं, बरोबर होतं. टेखलाच्या खडकांवर मी भराभर चढायचो, पण माझ्या दोरीवरचा मागचा माणूस काय करतोय याकडे माझं लक्ष नसायचं. आमच्या प्रशिक्षकांनी ते पहिल्या आठवड्यातच हेरलं होतं.

आता मुद्दा. कॅनडात सहा वर्षांच्या पोराला, पडलं तरी मऊ बर्फात पडेल अशा उतारावर उभं करायला बहुतेक ठिकाणी किमान पहिल्या लेव्हलचं सर्टिफिकेट मागतात. आणि आपल्याकडे पावसात, शेवाळलेल्या पायऱ्यांवर, चाळीस माणसं घेऊन जायला काय लागतं? इन्स्टाग्रामचं पेज, क्यूआर कोड आणि बसवाल्याचा नंबर.

कुणी म्हणेल सरकारचे नियम आहेत की. आहेत. 24 ऑगस्ट 2021 ला राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण काढलं. आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, लीडर प्रशिक्षित हवेत, प्रथमोपचाराची आणि सुटकेची तयारी हवी, हे सगळं कागदावर आहे. मी स्वतः ओळखतो अशा जुन्या गिर्यारोहण क्लबांपैकी काहींनी मनापासून ते पाळलंयसुद्धा. पण रविवारी पहाटे निरगुडपाड्याला उभं राहून कुणी विचारतं का, तुमचा लीडर कोण, त्याने काय शिकलंय? मला आजवर कुणी विचारलेलं नाही. पार्किंगचे पैसे मात्र न चुकता घेतात.

दुसरा आक्षेप मला नेहमी ऐकवतात तो असा: ‘अहो, सर्टिफिकेटने काय होतं, आमची पोरं लहानपणापासून डोंगरात आहेत.’ यात तथ्य आहे, आणि मी तो अनवाणी पोरगा विसरलेलो नाही. शिवाय प्रशिक्षण म्हणजे अभयदान नव्हे. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडावर हिमस्खलन झालं, ते माझ्याच संस्थेच्या अॅडव्हान्स कोर्सवर. तेव्हा सत्तावीस मृतदेह सापडले, दोघे सापडले नाहीत. गेलेल्यांत सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू केलेली प्रशिक्षक. त्या दिवशी दिवसभर फोन हातातून ठेवला नव्हता मी. डोंगरापुढे सगळ्यात शिकलेला माणूसही लहानच. पण म्हणून न शिकलेल्याच्या हाती चाळीस जीव द्यायचे, हा कुठला न्याय?

आणि डोंगरात वाढणं वेगळं, नवख्या माणसाला सांभाळणं वेगळं. हर्षेवाडीच्या त्या पोराकडे पहिलं होतं आणि दुसरंही उपजत होतं. त्याच्याकडे नव्हतं ते सर्टिफिकेट, आणि म्हणून त्याच्या वाट्याला पन्नास रुपये. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, तरी लीडर मी.

म्हणून मला वाटतं की सुरुवात तिथून करावी. त्र्यंबक, इगतपुरी, सुरगाणा, बागलाणातल्या आदिवासी पोरापोरींसाठी, मराठीतून, टप्प्याटप्प्याचं लीडर प्रशिक्षण नाशिकमध्येच सुरू व्हावं. पहिल्या टप्प्याला अंजनेरी, पांडवलेणीसारख्या सोप्या वाटा. पुढच्या टप्प्याला दोर, सुटका, आग्या मोहोळ उठलं तर काय, वीज कडाडायला लागली तर माथ्यावरून कसं उतरायचं, ओढ्याला अचानक पाणी आलं तर कुठे थांबायचं. आणि प्रत्येक टप्प्याला शिकवण्याची वेगळी परीक्षा. फी सरकारने भरावी. शेजारच्या गुजरात सरकारची गिर्यारोहण संस्था माउंट अबूला आहे, जुनागढला आहे. आपल्या जिल्ह्यात साल्हेर आहे, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, 1567 मीटर. मग आपणच मागे का? सिंहस्थासाठी रस्ते, घाट, पूल सगळं होतंय. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला किती माणसं लोटतात ते त्र्यंबकच्या लोकांना विचारा. तिथेही हीच पोरं कामाला येतील.

अशा शिकलेल्या पोराला दिवसाचा नीट मेहनताना द्यायचा तर बाराशेचा ट्रेक अठराशेला होईल. होऊ दे. तिथल्या बिर्याणीवर आपण तेवढे घालवतोच.

या रविवारी कुणाबरोबर जाणार असाल तर पैसे पाठवण्याआधी फोन करून एवढंच विचारा: लीडरने कुठला कोर्स केलाय, किती माणसांमागे एक लीडर आहे, आणि कुणी मध्येच घाबरलं तर तुम्ही काय करता? तिसऱ्याचं उत्तर ‘काही होत नाही’ असं आलं, तर तो मीच आहे, पंधरा वर्षांपूर्वीचा.

भाची पुन्हा परीक्षा देतेय. सध्या म्हणे रोज संध्याकाळी सगळ्यात सोप्या उतारावर, नुसतं पडून उठायला शिकवते. ताईने विचारलं, ‘अगं, यात तू काय शिकतेस?’ तर म्हणाली, ‘बघायला शिकतेय, आई.’

ज्यांना हर्षेवाडी-निरगुडपाडा भागातल्या पोरांसाठी प्रथमोपचाराचं शिबिर घ्यायला मदत करायची आहे, त्यांनी कमेंटमध्ये सांगा. डॉक्टर मंडळी हवी आहेत. जागा आणि जेवण माझ्याकडे लागलं.