अंगठा तोच, चोपडी नवी!

वाचक हो, कुळकर्ण्याच्या दप्तरांत आणि सावकाराच्या चोपडींत काय लिहिलें आहे हें न कळतां आमच्या आज्या-पणज्यांनीं अंगठे उठविले आणि जमिनी घालविल्या. आतां चोपडीच्या जागीं यंत्र आलें. २०१७ सालीं सरकारनें दीड लाखापर्यंत कर्जमाफी पुकारली. पण ती मिळण्यासाठीं संगणकावर अर्ज भरा, नवराबायकोनें केंद्रावर जाऊन यंत्रावर बोट टेकवा! पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत जेथें फोन लागत नाहीं, तेथील शेतकऱ्यानें काय करावें? पीकविम्यांतही गारपीट झाल्यावर ७२ तासांच्या आंत कळविण्याचा नियम ठेवला. कांदा आडवा झालेला माणूस आधीं पाणी काढील, कीं फोनवर फोटो चढवील?

दानधर्म करणाऱ्या संस्थांची तऱ्हा निराळी नाहीं. (सगळ्याच तशा, असें आम्ही म्हणत नाहीं.) मोटारींतून उतरावें, पडद्यावर चित्रें दाखवावीं, 'सबलीकरण', 'क्षमताबांधणी' असले शब्द फेकावे, बायकांच्या सह्या घ्याव्या, आणि ऊन उतरण्याआधीं नाशिक गांठावें. बागलाणांत अहिराणी चालते, पेठेकडे कोकणी. तेथें ही कचेरीची मराठी म्हणजे दुसरी संस्कृतच! आणि आम्हांला नांव काय, तर 'लाभार्थी'. कांदा पिकवितो तो लाभार्थी. मग आमच्या गरिबीवर ज्याचा पगार चालतो, तो कोण?

जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो छापखान्याची वाट न पाहतां जुन्नर, ओतूर, हडपसर येथें लोकांना वाचून दाखविला. ज्याचें दुःख, त्याच्या कानावर तें आधीं गेलें. पुढें सत्यशोधक जलशांनीं सावकारी फास गांवच्याच बोलींत समजावून दिला. तेव्हां ना यंत्र होतें, ना पडदा.

आज आमचें म्हणणें ऐकविण्याची रीत कोणती? २०१८ च्या मार्चांत हजारों आदिवासी शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठीं नाशिकहून सुमारें १८० किलोमीटर चालत मुंबईस गेले. पोरांच्या परीक्षेस अडथळा नको म्हणून शेवटची मजल त्यांनीं रात्रींच केली. पायांचीं सालटीं निघालीं, तेव्हां लेखी आश्वासन मिळालें. आणि २०२३ सालीं पुन्हां निघावें लागलें!

सरकार असो वा संस्था, आमचें मागणें एवढेंच: कागद ग्रामसभेंत गांवच्या बोलींत मोठ्यानें वाचा. दावा नामंजूर केलात तर कारण तेथेंच सांगा. गांवाचा प्रश्न आणि तुमचें उत्तर वहींत लिहा, व ती वही गांवांतच ठेवा. बंधूंनो, तोंवर कोणीं अंगठा उठवूं नये.