आपलेपणाची मात्रा

डिसेंबर सरत आला की महाविद्यालयांच्या आवारात ‘डेज’चे वारे वाहू लागतात. ट्रॅडिशनल डेला सांगलीची मुलगी आसामची मेखला-चादर नेसून येते, मणिपूरचा मुलगा फेटा बांधून घेतो, पटांगणात राज्याराज्यांच्या पदार्थांचे स्टॉल लागतात. ‘विविधतेत एकता’ लिहिलेल्या फलकापुढे प्राचार्य, प्रमुख पाहुणे आणि फेटेवाली मुले यांचा एकत्र फोटो निघतो. संध्याकाळी मंडप उतरतो आणि रात्री वसतिगृहाच्या मेसमध्ये टेबले पुन्हा जशीच्या तशी भरतात. बिहारची मुले एका टेबलाला, केरळची दुसऱ्या, लातूर-नांदेडची तिसऱ्या. कोपऱ्यात एखादा मुलगा मोबाइलकडे बघत एकटाच जेवत असतो. सकाळच्या फोटोत तोही होता.

हीच मुले सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत वेगळ्या मोसमात दिसतात. प्रवेश होऊन दोन-तीन महिने झाले की ती येऊ लागतात. डोके जड आहे, झोप लागत नाही, जेवले की छातीत जळजळते, अधूनमधून धडधडते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी सगळे करून होते आणि सगळे व्यवस्थित निघते. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नकोस’ असे सांगून आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. ओपीडीतली रांग पाहता यापेक्षा जास्त वेळ देणे डॉक्टरला जमतही नाही. पण ‘जेवायला कुणाबरोबर बसतोस?’ हा एक प्रश्न विचारला, तर पुष्कळदा केसपेपरवर न आलेली तक्रार बाहेर येते. मुलगा आधी हसतो, मग खाली बघतो.

वैद्यकशास्त्राला हे नवे नाही. १६८८ साली योहानेस होफर या तरुण स्विस डॉक्टरने बाझेल येथे घरच्या ओढीने येणाऱ्या आजारावर प्रबंध लिहिला आणि त्यासाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. त्याने नोंदवलेल्या रुग्णांपैकी एक बर्नहून बाझेलला शिकायला आलेला विद्यार्थी होता. तो खंगत चालला होता. त्याला घरी पाठवायचे ठरले आणि वाटेतच त्याला बरे वाटू लागले. बर्न ते बाझेल हे अंतर शंभर किलोमीटरही नाही. इंफाळहून पुण्याला येणाऱ्या मुलाला गेल्या पावली घरी धाडणे शक्य नसते, आणि योग्यही नाही.

आपलेपणा ही हळव्या मनाची चैन आहे, अशी एक समजूत शिक्षकांत आणि डॉक्टरांतही आहे. शरीराला ती मान्य नाही. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि कुणाला सर्दी होते ते पाहिले. त्याआधी प्रत्येकाचे लोकांशी किती प्रकारचे संबंध आहेत, याची नोंद घेतली होती: घरचे, शेजारी, मित्र, सहकारी, एखाद्या मंडळाचे सदस्य वगैरे. ज्यांचे संबंध एक ते तीन प्रकारांपुरते होते त्यांना सर्दी होण्याचा धोका, सहा किंवा अधिक प्रकारचे संबंध असणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाला. विषाणू सर्वांना सारखाच दिला होता. इथे ओळखी किती, यापेक्षा त्या किती तऱ्हेच्या, याला महत्त्व होते. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलाचे नेमके हेच तुटलेले असते. फोनमध्ये आई-वडील असतात, शाळेतले मित्र असतात, पण गल्ली, क्रिकेटची टीम, गणपतीचे किंवा पूजेचे मंडळ, कोपऱ्यावरचा दुकानदार हे सगळे एका रात्रीत जाते.

मग एक दिवसाच्या उत्सवाने हे भरून येईल का? उत्सव निरुपयोगी आहेत असे कुणी म्हणू नये. आपल्या गावचे गाणे परक्या शहरात शेकडो लोकांसमोर वाजले की त्या मुलाला जे वाटते ते खरेच असते. गडबड आहे ती मात्रेची आणि वेळेची. जुलाब लागलेल्या रुग्णाला पहिल्या दिवशी मीठ-साखरेचे पाणी लागते. ते सहा महिन्यांनी, बँड लावून दिले तर काय उपयोग?

आणि आणखी एक गडबड आहे, ती औषधाच्या घटकांची. बहुतेक सांस्कृतिक दिनांत राज्याराज्यांचे गट एकमेकांसमोर उभे केले जातात. सर्वोत्तम स्टॉल, सर्वोत्तम नृत्य, सर्वोत्तम वेशभूषा यांना बक्षिसे. यातून काय होते याचा अंदाज उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत झालेल्या एका प्रयोगावरून घेता येतो. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी तिथे क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या. वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांपैकी कुणाला मिश्र जातींच्या संघात, कुणाला एकाच जातीच्या संघात घातले आणि कुणाला खेळवलेच नाही. ही वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: एका संघात खेळलेल्यांत जातीबाहेरची मैत्री वाढली, आपल्याच जातीच्या माणसाला झुकते माप देणे कमी झाले. मात्र दुसऱ्या जातीची माणसे ज्यांना केवळ प्रतिस्पर्धी म्हणून भेटली, त्यांच्यात असा फायदा दिसला नाही. काही बाबतींत उलटच झाले. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच म्हटले होते की, नुसते एकमेकांसमोर येणे पुरत नाही. समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, एकमेकांवर अवलंबून असलेले काम आणि संस्थेचा पाठिंबा हवा. आपले स्टॉल या कसोटीवर बसत नाहीत. मणिपूरचा मुलगा, सोलापूरची मुलगी आणि पाटण्याचा मुलगा एका चुलीवर एकच पदार्थ करत असतील, कांदा कुणी चिरायचा यावरून वाद घालत असतील, तर बसतील.

पुण्यात या विषयाला एक जुना संदर्भ आहे, आणि गंमत म्हणजे तो एका आजाराचा आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे शां. ब. मुजुमदार तिथल्या मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. एक परदेशी मुलगी खिडकीतून एका मुलाला काहीतरी देताना त्यांना दिसली. चौकशी केल्यावर कळले की मॉरिशसहून आलेल्या त्या मुलाला कावीळ झाली होती. मुलींना आत प्रवेश नसल्यामुळे ती खिडकीतून त्याला अन्न पोहोचवत होती. १९७१ मध्ये त्यांनी ‘सिंबायोसिस’ची स्थापना केली, ती आधी परदेशी विद्यार्थ्यांचे सांस्कृतिक केंद्र म्हणून. नाव वनस्पतिशास्त्राच्या वर्गातूनच आलेले: दोन वेगळ्या जीवांचे एकमेकांच्या आधाराने जगणे. पुढे त्या संस्थेचा केवढा व्याप झाला हे सर्वांना माहीत आहे. पण त्या प्रसंगात डॉक्टरच्या नजरेला वेगळेच काही दिसते. विषाणूजन्य काविळीच्या नेहमीच्या प्रकारांवर आजही खास औषध नाही. विश्रांती, हलके अन्न, भरपूर पाणी आणि शुद्ध हरपू लागली तर वेळीच ओळखणारे कुणीतरी जवळ, एवढाच बहुतेकांचा उपचार. घरी असता तर हे सगळे त्याला न मागता मिळाले असते. वसतिगृहात त्यासाठी कुणाला तरी नियम वाकवावा लागला.

महाराष्ट्राच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, पदव्युत्तरच्या तर ५० टक्के. राजस्थान, केरळ, हरियाणातून आलेली ही मुले तिसऱ्या-चौथ्या वर्षी वॉर्डात उभी राहतात आणि समोरची आजी म्हणते, ‘पोटात मुरडा मारतोय, मधूनच कळ येते, अंग मोडून आलंय.’ पुस्तकात यातले काहीच नसते. मग मराठी मुले एका बाजूला ‘हिस्टरी’ घेतात आणि बाहेरची मुले दुसऱ्या बाजूला रिपोर्ट चाळतात. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभरणी वर्गांत स्थानिक भाषेला जागा दिली, हे चांगले झाले. पण खरी मराठी शिकवतात त्या वॉर्डातल्या मावशी आणि सोबत पाळी करणारा सहकारी. मुरडा, कळ, चमक, अंधारी, भगभग यांतले फरक ज्या मल्याळी मुलीला समजले, तिला महाराष्ट्र दिन वेगळा साजरा करून दाखवावा लागत नाही. इथे दोघे बरोबरीचे असतात, रुग्ण दोघांचा असतो आणि चूक झाली तर बोलणीही दोघांनाच बसतात. ऑलपोर्टच्या साऱ्या अटी रात्रपाळीच्या एका वॉर्डात पुऱ्या होतात.

परकेपणा केवळ परप्रांतीयांच्याच वाट्याला येतो असेही नाही. धडगावच्या पाड्यावरून मुंबईला आलेला मुलगा कागदोपत्री ‘स्थानिक’ असतो. त्याची घरची बोली पावरी असते, मराठी शाळेत शिकलेली आणि इंग्रजी घोकलेली. प्रवेशाच्या यादीतल्या आरक्षणाच्या रकान्यावरून वर्गात कुजबुज होते. ‘तुझा स्कोअर किती होता?’ हा साधा वाटणारा प्रश्न काय विचारतो आहे, हे त्याला बरोबर कळते. आणि ट्रॅडिशनल डेला दुसरेच कुणीतरी ‘आदिवासी’ म्हणून पिसे लावून रॅम्पवर चालते. अशा दिवसाने त्याचे किती भले होते याचा विचार आयोजकांनी करायला हवा. ईशान्येकडच्या मुलांना मारल्या जाणाऱ्या हाका आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना खोली भाड्याने देताना विचारले जाणारे प्रश्नही त्याच जातीचे आहेत. मंचावर त्यांचे नृत्य ठेवून त्या प्रश्नांचा हिशेब चुकता होत नाही.

उलट्या टोकाची चूकही होते. नागा किंवा मणिपुरी मुले रविवारी एका खोलीत जमून आपल्या पद्धतीचे जेवण रांधतात, तेव्हा ‘ही मुले मिसळतच नाहीत’ अशी तक्रार होते. त्यांना मोकळे सोडावे. आपल्या भाषेत दोन तास बोलता येणे ही सहा दिवस परक्या भाषेत वावरण्याची पूर्वतयारी असते. आंबवलेल्या माशांच्या वासावरून वॉर्डनकडे अर्ज करणाऱ्यांनी आपल्या घरच्या सुक्या बोंबलाचा वास आठवून पाहावा.

सुरुवातीच्या दिवसांत काय करता येते, याबाबत अमेरिकेतला एक अभ्यास उद्बोधक आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी पहिल्या वर्षाच्या ९२ विद्यार्थ्यांबरोबर तो केला. त्यांतल्या काहींना साधारण तासाभरात एवढेच सांगितले गेले की, ‘आपण इथले नाही’ असे जवळपास सर्वांनाच सुरुवातीला वाटते आणि ते ओसरते. सांगणारे वरच्या वर्गातले विद्यार्थी होते, त्यांच्या स्वतःच्या अनुभवांतून. नंतर नव्या मुलांनी पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी तेच आपल्या शब्दांत लिहिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षे सुधारत गेले, श्वेतवर्णीयांशी असलेला फरक निम्म्यावर आला आणि त्यांच्या डॉक्टरकडच्या खेपाही कमी झाल्या. एका तासाचे एवढे फळ मिळाल्याचे वाचून कुणीही भुवया उंचावेल, आणि उंचावाव्यातच. २०२३ मध्ये २२ संस्थांतल्या २६,९११ विद्यार्थ्यांवर तोच उपाय तपासला गेला तेव्हा त्याची मर्यादा स्पष्ट झाली. जिथे मुलांना खरोखर सामावून घेण्याच्या संधी होत्या तिथेच तो लागू पडला. ‘तू आमचाच आहेस’ असे सांगायचे आणि मेसमध्ये जागा द्यायची नाही, हे चालत नाही.

मेसमध्ये तर बरेच काही ठरते. दोन्ही वेळच्या पोळीत आठवड्यातून तीन दिवस भात वाढवणे, महिन्यातून एकदा दुसऱ्या प्रांतातल्या विद्यार्थ्यांना आचाऱ्याबरोबर स्वयंपाकघरात उभे राहू देणे, यांना खर्च फारसा नाही. शाकाहारी-मांसाहारी टेबलांवरून मध्यंतरी काही नामवंत संस्थांत वाद पेटले. स्वयंपाकाची भांडी वेगळी ठेवणे समजू शकते, पण जेवणाऱ्या माणसांनाच वेगळे बसवले की, ज्याला हलवले त्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

केंद्राच्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. त्यानिमित्ताने महाविद्यालयांत भाषणे, भित्तिपत्रके, प्रश्नमंजूषा होतात आणि अहवाल वर जातात. अहवालात उपस्थितीचा रकाना असतो. वसतिगृहात राहणाऱ्या ओडिया मुलाला रात्री दोनला ताप भरला तर तो कुणाचे दार ठोठावेल, असा रकाना नसतो. तो घालायला हवा. दर सत्रात पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारावा. ज्याच्याकडे एकही नाव नसेल, त्याच्याकडे दुसऱ्याच दिवशी कुणीतरी जावे. समुपदेशकाने जायला हवे असे काही नाही, वरच्या वर्गातला शहाणा मुलगा पुरे.

समुपदेशक मात्र हवाच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्या सगळ्यांमागे एकटेपणाच होता असे म्हणणे चूक ठरेल. आजार, पैसा, परीक्षा, छळ, घरचे प्रश्न अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले आहेत. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. हा क्रमांक सूचना फलकावरच्या इतर वीस कागदांखाली दडू नये, एवढे वॉर्डनने पाहावे. ज्याची झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त काळ उडाली आहे, जो वर्गाला येईनासा झाला आहे किंवा ‘मी नसलो तर बरे’ असे बोलून गेला आहे, त्याला मित्रांच्या भरवशावर न ठेवता डॉक्टरकडे न्यावे.

राहिला गॅदरिंगचा प्रश्न. त्याची तारीख परीक्षा, पाहुण्यांची सवड आणि मंडपवाल्याचा दर पाहून ठरते. त्यातले निम्मे पैसे प्रवेशानंतरच्या पहिल्या महिन्यात खर्च करायला नियमाने कुणाची आडकाठी नाही. डीजे लागणार नाही. मोठी पातेली, शेगड्या, भाजी आणि चिठ्ठ्या टाकून केलेले मिश्र गट पुरतील. बक्षीस ठेवू नये. भांडी मात्र सर्वांनी मिळून घासावीत, कारण खऱ्या गप्पा तिथे सुरू होतात.