कॉर्ड पाठ करण्याआधी स्वर मोजा

गिटारच्या क्लासमध्ये सेव्हन्थ कॉर्ड सहसा ठिपक्यांच्या चित्रातून येते. कुठल्या तारेवर कोणतं बोट, एवढंच ते चित्र सांगतं. ते पाठ होतं, गाणंही वाजतं. पण त्या कॉर्डमध्ये स्वर कोणते, असं विचारलं की विद्यार्थी गप्प होतो. पेटीवर सरगम गिरवलेल्या मुलांवर तरी ही वेळ यायला नको.

हिशेब सरळ आहे. कॉर्डच्या मूळ स्वराला तेवढ्यापुरता सा मानायचा. सा, शुद्ध ग आणि प मिळून मेजर कॉर्ड होते. सप्तकातला सातवा स्वर नी. तो त्यात मिळवला की सेव्हन्थ. नी शुद्ध असेल तर मेजर सेव्हन्थ, कोमल असेल तर वादक नुसतं ‘सेव्हन’ म्हणतात ती डॉमिनंट सेव्हन्थ, आणि ग व नी दोन्ही कोमल असतील तर मायनर सेव्हन्थ. एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर. त्यामुळे एकाच तारेवर सापासून कोमल ग 3 फ्रेट पुढे, शुद्ध ग 4, प 7, कोमल नी 10 आणि शुद्ध नी 11.

नेहमीची सी मेजर धरून पाहावं. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर असते, तिथे वरचा सा वाजतो. ती उचलली की मोकळी तार शुद्ध नी देते आणि सी मेजर सेव्हन्थ तयार होते. तर्जनी परत ठेवून करंगळी तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर टेकवली की कोमल नी येतो, ही सी सेव्हन. विशेष म्हणजे प वाजवणारी तीच तार आता नीकडे गेली, म्हणजे या कॉर्डमध्ये प उरलाच नाही! तरी काही हरवल्यासारखं वाटत नाही, कारण कॉर्डचा स्वभाव ग आणि नी ठरवतात. काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात 1937पासून जवळपास पन्नास वर्षं गिटार वाजवणाऱ्या फ्रेडी ग्रीन यांची ख्याती अशाच मोजक्या स्वरांच्या कॉर्डवर उभी आहे.

जी सेव्हननंतर सी ऐकावीशी का वाटते, तेही सरगमच सांगते. सी हा सा धरला तर जी सेव्हनमध्ये प, नी, रे, म असतात. नी अर्धा स्वर वर सरकून साला मिळतो, म अर्धा स्वर उतरून गवर येतो. ब्लूजमध्ये मात्र तिन्ही मुख्य कॉर्ड सेव्हन असतात, म्हणून तिथला ताण पूर्ण सुटत नाही. मेजर सेव्हन्थचा रंग आणखी वेगळा. एरिक साती यांची 1888ची पहिली ‘जिम्नोपेदी’ अशा दोन कॉर्डच्या संथ झुल्यावर सुरू होते.

नवशिक्याला लवकर गाणं वाजवायचं असतं, तेव्हा चित्रं लागतीलच. शिक्षकांनी फक्त प्रत्येक ठिपक्याखाली त्याचा स्वर लिहून घ्यावा, आणि पुढची सेव्हन्थ कॉर्ड दाखवण्याआधी विद्यार्थ्यालाच तिचा नी शोधायला लावावं.