साठा किती आहे, तेवढे सांगा

प्रति,
सचिव, अणुऊर्जा विभाग,
अणुशक्ती भवन, मुंबई.



२०१५ साली कझाकस्तानशी पाच हजार टन युरेनियमचा करार झाला, त्याच वर्षी कॅनडाशी झाला, पुढे उझबेकिस्तानशीही. करार झाले, उत्तमच. अशा बातमीसोबत हस्तांदोलनाचा फोटो असतो. गोदामात इंधन किती महिन्यांचे शिल्लक आहे, हे मात्र नसते. या पत्राचे कारण तेवढेच.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांना तीस वर्षे समृद्ध युरेनियम द्यायचे अमेरिकेने १९६३ च्या करारात कबूल केले होते. १९७४ ला पोखरण झाले, १९७८ ला अमेरिकेने नवा कायदा केला आणि लेखी करार हातात असून आपल्याला वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवावे लागले. मग फ्रान्सकडून इंधन आणले, नंतर चीनकडून, नंतर रशियाकडून. करारावर विसंबून स्वस्थ बसता येत नाही, हे तुमच्या खात्याइतके कोणाला ठाऊक असणार?

दुसरी आठवण घरचीच. २००७-०८ च्या सुमारास देशी युरेनियम पुरेना, म्हणून धडधाकट अणुभट्ट्या निम्म्या क्षमतेवर चालवाव्या लागल्या. आपल्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत अर्ध्या मीटर लांबीचे बारा इंधनगठ्ठे. भट्टी चालू असतानाच एका टोकाने नवे गठ्ठे आत सरकवायचे आणि दुसऱ्या टोकाने वापरलेले काढून घ्यायचे, हे जवळपास रोजचे काम. हैदराबादच्या कारखान्यातून येणारे गठ्ठे कमी पडू लागले की भट्टीची शक्ती उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. आणि जादूगोडा परिसरातल्या आपल्या खाणींत एक टन खडक दळावा तेव्हा युरेनियम हाती लागते अर्ध्या किलोच्या आसपास. (त्या खाणींच्या शेजारची गावे काय सोसतात, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

तेव्हा परदेशातून आणायला विरोध नाही. पण किती आणायचे? २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचे उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. आज आपण नऊच्या आसपास आहोत. एका गिगावॉटला वर्षाला साधारण दोनशे टन नैसर्गिक युरेनियम धरले, तर गरज वीस हजार टनांची. जगभरच्या खाणींतून सध्या वर्षाला निघते साठ हजारांच्या घरात. त्यातला दोन पंचमांश एकट्या कझाकस्तानचा. त्या देशाला खुला समुद्र नाही. माल रशियातून तरी न्यावा लागतो, नाही तर कास्पियन ओलांडून. शिवाय मध्यंतरी तिथे खाणकामाला लागणाऱ्या गंधकाम्लाच्या टंचाईने उत्पादनाचे गणित बिघडले होते, आणि त्याच खाणींच्या दारात चीनही मोठी थैली घेऊन उभा आहे.

म्हणूनच साठ्याची चौकशी. अमेरिकेशी झालेल्या अणुसमझोत्यानंतर नागरी आणि लष्करी भट्ट्या वेगळ्या करणाऱ्या २००६ च्या विभाजन आराखड्यात, अणुभट्ट्यांच्या पूर्ण आयुष्यात पुरवठा तुटू नये यासाठी राखीव इंधनसाठा उभारण्याचा उल्लेख होता. त्याच्या बदल्यात आपण २२ पैकी १४ अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय निरीक्षणाखाली दिल्या. आपली बाजू आपण पाळली. साठ्याचे पुढे काय झाले?

‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे उत्तर इथे चालणार नाही. आयात युरेनियम निरीक्षणाखालच्या भट्ट्यांतच वापरता येते, आणि त्याचा किलोकिलोचा हिशेब आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक ठेवतात. व्हिएन्नातल्या अधिकाऱ्याला जे कळते ते दिल्लीतल्या खासदाराला का कळू नये? विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या भूमिगत कोठारांत सुमारे ५३ लाख टन कच्चे तेल मावते, हे सरकार स्वतःहून सांगते. तेलाला एक न्याय आणि युरेनियमला दुसरा?

निरीक्षणाबाहेरच्या भट्ट्यांबद्दल आम्ही अवाक्षर विचारत नाही. बाकीच्यांपुरता एकच तक्ता, दरवर्षी अनुदानाच्या मागण्यांबरोबर संसदेपुढे ठेवावा: कोणत्या केंद्रात किती महिन्यांचे इंधन आहे, कोणत्या देशाकडून किती यायचे होते आणि प्रत्यक्ष किती आले, राखीव साठा किती वर्षांचा हवा आणि तो कधीपर्यंत भरणार. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनापासून सुरुवात करता येईल. आकडे तुमच्याकडे आहेतच.

आपला,
वीजबिल भरणारा एक नागरिक