आबांचा दादरा आणि १२०चा हट्ट

शनिवारची रात्र, साडेअकरा. मगरपट्ट्यातला पाच दिवसांचा वनवास संपवून मी मांजरीच्या घरी, लॅपटॉपसमोर. रविवारी ताईचं संगीत आणि ट्रॅक पार बोंबललेला. तुमची डेडलाइन एक्सेलमध्ये असते. माझी त्या रात्री ढोलकीत होती.

ढोलकी आबांची. आबा आता नाहीत. त्यांचं वाजवणं उरलंय ते एका जुन्या कॅसेटवर. ताईची फर्माईश एकच, 'माझ्या एण्ट्रीला आबा वाजले पाहिजेत.'

कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. आठ सेकंदांचा झकास तुकडा कापून लूप केला. सॉफ्टवेअर म्हणालं, टेम्पो १२०. सही! खाली बीट टाकला आणि सगळा विचका. ढोलकी आणि बीट दर सेकंदाला भेटायचे आणि लगेच भांडायचे.

मग मी तेच केलं, जे आपण सगळे करतो. मशीन बरोबर, माणूस चूक. आबांचा एकेक बोल पकडून ग्रिडवर ओढायला लागलो. तासाभरात आबा शिवणयंत्रासारखे वाजायला लागले!

आवाजाने आजी उठून आली. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "आरं, काय चार-चार मोजतूस? ह्यांचा दादरा हाय त्यो. सहा मोज."

च्यायला! खरंच की.

त्याचं असं आहे, सॉफ्टवेअर गाणं ऐकत नाही. आवाज अचानक कुठे उसळतो ते टिपतं, त्यातलं अंतर मोजतं आणि बहुतेकदा चाराचा हिशेब गृहीत धरतं. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचा. माझ्या तुकड्यात चार आवर्तनं, म्हणजे २४ मात्रा. त्याने चार-चारचे चार बार धरून १६ मोजल्या. सूत्र सोपं आहे : मात्रा गुणिले ६०, भागिले सेकंद. १६ धरल्या तर १२०, २४ धरल्या तर १८०. गणित बरोबर, मोजणीच चुकलेली.

तेव्हा मंडळी, लूप अडला तर आधी हाताने टाळी द्या. तुकडा समेपासून पुढच्या समेच्या अगदी आधीपर्यंत कापा. सुरुवातीची अर्ध्या सेकंदाची खरखरही आकडा बिघडवते. आलेला आकडा दुप्पट किंवा निम्मा करून बघा. ७० आणि १४० यांच्यात सॉफ्टवेअर हमखास गोंधळतं. तरी जमेना तर दीडपट करा, ताल तिनाचा असू शकतो. आणि हाताने वाजवलेलं असेल तर प्रत्येक बोल ग्रिडला खिळू नका. फक्त समा जुळवा, मधलं वादकावर सोडा. त्या मधल्या जागेतच तर माणूस असतो.

मी सगळं अनडू केलं. टेम्पो १८० टाकला, चार समा पकडल्या, बास. शेवटच्या आवर्तनात आबा किंचित पुढे पळतात. ते तसंच ठेवलं.

रविवारी ताई आली, ढोलकी सुरू झाली. आजी पहिल्या रांगेत. शेवटच्या आवर्तनात आबा पळाले, तर तिची टाळीही त्यांच्याबरोबर पळाली आणि बरोब्बर समेवर पडली.

तो टेम्पो कुठलं सॉफ्टवेअर पकडणार, सांगा!