थकबाकी चुकवणारा स्पायडर-मॅन

‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ आपल्याकडे १६ डिसेंबर २०२१ ला लागला, अमेरिकेच्या एक दिवस आधी. महाराष्ट्रातली थिएटरं उघडून दोन महिनेही झाले नव्हते. तरी नायकाचा मित्र नेड याच्या आजीच्या घरात उघडलेल्या त्या गोल दारातून अँड्र्यू गारफिल्ड आत आला आणि शिट्ट्या-आरोळ्यांनी थिएटर दणाणून गेलं. त्या गलक्यात माझाही आवाज होता. पण हा सिनेमा मनात ठाण मांडून बसला तो त्यानंतरच्या तासाभरामुळे.

तीन स्पायडर-मॅन एका पडद्यावर येणं सोपं नव्हतं. १९९६ मध्ये मार्व्हलचं दिवाळं निघालं आणि त्या पडत्या काळात या पात्राचे सिनेमाचे हक्क सोनीकडे गेले. सोनीने आधी टोबी मग्वायरला घेऊन तीन सिनेमे केले, मग गारफिल्डला घेऊन दोन. दोघांचेही प्रवास अर्धवट राहिले. टॉम हॉलंड २०१६ मध्ये अ‍ॅव्हेंजर्सबरोबर दिसला तो दोन कंपन्यांनी हातमिळवणी केली म्हणून. म्हणजे एकाच पात्राचे तीन चेहरे ही मुळात व्यवहाराची देणगी. दिग्दर्शक जॉन वॉट्सने त्यातून गोष्ट काढली.

गारफिल्डच्या २०१४ च्या सिनेमात त्याची प्रेयसी ग्वेन घड्याळाच्या मनोऱ्यात खाली पडते. त्याचं जाळं तिच्यापर्यंत पोहोचतं, पण क्षणभर उशिरा. ती वाचत नाही. ‘नो वे होम’मध्ये स्टॅच्यू ऑफ लिबर्टीवरून हॉलंडची प्रेयसी एमजे कोसळते. हॉलंड तिच्यामागे उडी मारतो, पण खलनायक ग्रीन गॉब्लिन त्याला वाटेतच उडवून नेतो. मग गारफिल्ड स्वतः झेपावतो आणि तिला कवेत घेऊन जमिनीवर उतरतो. बरी आहेस ना, असं तो विचारतो. ती मान हलवते आणि त्याच्याकडे पाहून तेच त्याला विचारते, कारण त्याचे डोळे भरून आलेले असतात. सात वर्षं मनात सलणारा काटा त्या एका झेपेत निघाला. हे त्याच्या स्वतःच्या तिसऱ्या सिनेमात घडायला हवं होतं. तो सिनेमा कधी बनलाच नाही.

दुसरा प्रसंग त्यानंतरचा. मे मावशीला मारणाऱ्या गॉब्लिनवर हॉलंड त्याचंच ग्लायडर उगारतो. मग्वायर मधे उभा राहतो आणि दोन्ही हातांनी ते अडवून धरतो. तोंडातून एक शब्द नाही. २००२ मध्ये हाच गॉब्लिन स्वतःच्या ग्लायडरने मेला, तेव्हा मग्वायर समोर होता. त्या मरणाचं ओझं वाहिलेला माणूस ते पोराच्या खांद्यावर पडू देत नाही. हॉलंडला हे दुसरं कोण शिकवू शकलं असतं?

सामायिक विश्वाचं माझ्या लेखी मोल आहे ते इथे. एका सिनेमात उरलेलं दुःख दुसऱ्यात कुणाच्या तरी कामी येतं. नाहीतर पाहुण्यांची नुसती हजेरी लागते. ‘मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस’मध्ये पॅट्रिक स्ट्यूअर्टचा प्रोफेसर एक्स येतो, टाळ्या घेतो आणि काही मिनिटांत मरतो, गोष्टीवर ओरखडाही उठत नाही. २०२३ च्या ‘द फ्लॅश’मध्ये तर २००४ साली वारलेल्या ख्रिस्तोफर रीव्हना सुपरमॅन म्हणून संगणकाने पुन्हा उभं केलं. फ्लॅशचं त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला ते पाहवलं नाही.

आधीचं काही न पाहिलेल्याने काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. ‘द मार्व्हल्स’ तिथेच अडखळला. मोनिकाला शक्ती कशी मिळाली आणि कमला कोण, हे नीट कळायला आधी दोन मालिका पाहायच्या. पुढे डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच मान्य केलं की उत्पादन वाढवण्याच्या नादात लक्ष विखुरलं. ‘नो वे होम’ ही वेळ येऊ देत नाही. शाळेच्या गच्चीवर गारफिल्ड ग्वेनबद्दल बोलतो, तिला वाचवू शकलो नाही हे सांगतो. नवख्याला तेवढं पुरतं. जुन्याला त्यामागची सगळी वर्षं आठवतात.

शिवाय हा सिनेमा फुकट काही देत नाही. इतक्या विश्वांची दारं उघडल्याची किंमत म्हणून जगाने हॉलंडच्या पीटर पार्करला विसरायचं. शेवटी तो एमजेच्या कॉफी शॉपमध्ये जातो. सगळं सांगायचं म्हणून त्याने ते कागदावर लिहून आणलेलं असतं. तिच्या कपाळावरची पट्टी त्याला दिसते आणि तो काही न सांगता निघतो.

‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’साठी मार्च २०२५ मध्ये मार्व्हलने तासन्‌तास एकेक खुर्ची दाखवत त्यांवरची कलाकारांची नावं जाहीर केली. मीही उत्सुकतेने पाहिली. चाहता म्हणून माझी मागणी सरळ आहे: त्या प्रत्येक नावापुढे, हा माणूस कुणाचं काय देणं लागतो आणि ते फेडताना काय गमावणार, याचं उत्तर पटकथेत असू द्या. आम्ही इतकी वर्षं प्रत्येक बारकावा ध्यानात ठेवला आहे. त्या आठवणीचा मान टाळीपुरता राहू नये.